श्री. टकवेल हजर

इतिवृत्त लिहावं तर हेस्टर पोकॉकबाईंनीच! हे खुद्द पोकॉकबाईंचं मत होतं, आणि नेदर मोर्कम गावात या मताला कुणाचा विरोध नव्हता, कारण इतिवृत्त वाचणारंच गावात कुणी नव्हतं. बावीस वर्षं त्या तिथल्या पॅरिश पंचायतीच्या, म्हणजे इंग्लंडातल्या ग्रामपंचायतीच्या, चिटणीस होत्या. बावीस वर्षांत एका ओळीचीही दुरुस्ती सुचवली गेली नव्हती. पोस्टाच्या रांगेत उभ्या उभ्या त्या हे कुणालाही ऐकवत, पुढच्याला घाई असली तर जरा सावकाश ऐकवत.

त्यांची पद्धत साधी होती. मागच्या महिन्याचं इतिवृत्त काढायचं, तारीख बदलायची. बाकी बदलण्यासारखं गावात होतं काय? तळ्यातली बदकं तीच, बसथांब्याचं गळकं छप्पर तेच, चर्चच्या आवारातलं गवत तेवढंच वाढणारं. हा नमुना पाहा.

*नेदर मोर्कम पॅरिश पंचायत. मासिक सभा, मंगळवार, दुपारी ४ वाजता, गावाचे सभागृह.*
*हजर: सौ. ग्वेन फेअरब्रास (अध्यक्ष), श्री. डेन्झिल रूक, श्री. ऑब्री टकवेल. गणपूर्ती: तीन. झाली.*
*विषय १. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. सूचक: श्री. रूक. अनुमोदक: श्री. टकवेल. मंजूर.*

इतिवृत्त म्हणून यात नाव ठेवायला जागा नाही. फक्त हा उतारा नोव्हेंबरचा आहे, आणि श्री. टकवेल ऑगस्टात वारले होते.

गुपचूप वारले होते असंही नाही. दफनाला अख्खं गाव होतं. काकडीची सँडविचं स्वतः पोकॉकबाईंनी केली होती, बायबलातला उतारा ग्वेनबाईंनी वाचला होता, आणि शवपेटीचा डावीकडचा पुढचा कोपरा डेन्झिल रूकच्या खांद्यावर होता. तरी सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी हे तिघे सभागृहात जमले, ग्वेनबाईंनी विचारलं "सगळे आहेत ना", डेन्झिल "आहेत" म्हणाला आणि सभा सुरू झाली. पंचायतीच्या पाच जागांपैकी दोन सहा वर्षं रिकाम्याच होत्या, निवडणुकीला उभं राहायलाच कुणी तयार नसे. त्यामुळे रिकाम्या खुर्च्यांची सगळ्यांच्या डोळ्यांना सवय. शिवाय ऑब्री टकवेल हयात असतानाही भिंतीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून, हनुवटी छातीला लावून बसत. एकोणीस वर्षं त्यांनी अनुमोदनापुरतं एक बोट वर केलं, याउपर सभेत काही केलं नाही. अशा माणसाचं नसणं लक्षात यायला वेळ लागतो.

वेळ लागला पाच महिने. जानेवारीच्या शेवटी जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं. ज्या पॅरिशांच्या सभांना पुरेसे सदस्य जमत नाहीत, त्या शेजारच्या मोठ्या पॅरिशला जोडण्यात येतील. तपासणीसाठी मिस ऑर्डवे फेब्रुवारीच्या सभेला येतील, शरदापासूनची इतिवृत्तं पाहतील, डोकी मोजतील.

शेजारचं मोठं पॅरिश म्हणजे ग्रेट मोर्कम. त्या गावाला दोन सिग्नल आहेत आणि त्यांचा त्याला फार गर्व आहे. नेदर मोर्कमच्या लोकांना तिथले लोक "चिखलाकडचे" म्हणतात. जोडणी झाली तर तळ्याला कठडा येणार, बाकांवर नंबर पडणार, बदकांची संख्या ठरावाने निश्चित होणार. आणि पोकॉकबाईंना निरोपादाखल मिळणार आभाराचं कार्ड व एक कुंडी. त्या एकट्या राहत. महिन्यातले उरलेले एकोणतीस दिवस त्या मंगळवाराच्या आधाराने काढत असत. त्या रात्री त्यांना कुंडी दिसत राहिली.

सकाळी त्यांनी शरदापासूनची इतिवृत्तं तपासायला घेतली, म्हणजे आयुष्यात प्रथमच वाचली. *हजर: श्री. टकवेल. अनुमोदक: श्री. टकवेल.* सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. खाली ग्वेनबाईंची सही. पोकॉकबाईंनी लगेच ग्वेनबाईंना फोन लावला.

*विषय २. दुरुस्ती.*

ग्वेनबाईंच्या स्वयंपाकघरात तिघांची बैठक बसली. ग्वेनबाईंचं म्हणणं सरळ होतं, चूक झाली तर दुरुस्त करा. पोकॉकबाईंनी समजावलं की सही झालेलं इतिवृत्त फक्त पुढच्या सभेत ठरावाने दुरुस्त होतं, ठरावाला गणपूर्ती लागते, गणपूर्तीला तीन सदस्य लागतात. तिसरा सदस्य नव्हता असं म्हणायला तिसरा सदस्य पाहिजे. 

डेन्झिल म्हणजे डुकरं पाळणारा, आडव्या बांध्याचा माणूस. तो म्हणाला, "पण ऑक्टोबरात होता की तो."

"कोण?"

"ऑब्री. गटाराच्या विषयाला बोट वर केलं ना त्यानं."

"डेन्झिल," पोकॉकबाई म्हणाल्या, "त्यांची शवपेटी तुम्ही खांद्यावर घेतली होती."

"घेतली होती. ऑगस्टात. मी ऑक्टोबरचं बोलतोय."

कुणीतरी हसेल म्हणून पोकॉकबाई थांबल्या. कुणी हसलं नाही. ग्वेनबाई कपातला चमचा फिरवत होत्या, चहा केव्हाच निवला होता. चमच्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "डिसेंबरात मी नाताळची पेस्ट्री घेऊन त्यांच्यासमोरून गेले. पाय जरा आत घ्या म्हटलं. घेतले."

मग पोकॉकबाईंना कप आठवले. दर सभेला त्या तीन कप चहा करायच्या आणि नंतर तीन उष्टे कप विसळायच्या. ग्वेनबाईंचा एक, स्वतःचा एक. डेन्झिल चहा घरून थर्मासमधून आणतो.

*विषय ३. सभेची सूचना.*

हे मात्र आधी सांगायला हवं होतं. पॅरिश पंचायतीच्या सदस्याला सभेचं आमंत्रण जात नाही, फर्मान जातं. तीन पूर्ण दिवस आधी, चिटणिसाच्या सहीने, बंद पाकिटात. *आपणांस याद्वारे सभेस हजर राहण्याचे फर्मावण्यात येत आहे.* कायद्याचीच तशी भाषा आहे. पाकिटांवरची नावंही पोकॉकबाई मागच्या महिन्यावरून उतरवत. म्हणजे त्यांनी पाच वेळा, रीतसर, मुदतीत, सहीनिशी टकवेलांना फर्मावलं होतं, आणि मिल लेनच्या टोकाला त्यांच्या दाराच्या फटीतून पाकीट आत सरकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता त्या तिथे गेल्या. धुकं असं होतं, जणू कुंपणाच्या पलीकडचं जग कुणी गुंडाळून नेलंय. घराला कुलूप, पडदे ओढलेले. पुतण्या कॅनडात, घर विकायला त्याला सवड नाही. पोकॉकबाईंनी वाकून पत्रांची झडप उचलली आणि आत पाहिलं. पायपुसण्यावर जाहिरातींचा ढीग होता, पिझ्झ्याच्या, खिडक्यांच्या, कान तपासणीच्या. ऑगस्टापासूनच्या. त्यात पंचायतीचं पाकीट एकही नव्हतं.

त्यांनी दोनदा मोजलं. शून्य दोनदा मोजायला फार वेळ लागत नाही, पण त्यांना लागला.

परत येताना वाट चर्चच्या आवारातून होती. टकवेलांच्या थडग्यावर दगड अजून बसला नव्हता, माती खाली बसल्याशिवाय दगड बसवत नाहीत. नुसता मातीचा उंचवटा. आवारातलं गवत पंचायतच कापून घेते, तेव्हा पोकॉकबाईंची नजर आपोआप गवताकडे गेली. कापणी चांगली होती. फक्त उंचवट्यापासून सभागृहाकडच्या फाटकापर्यंत एक बारीक पायवाट पडली होती, माणूस महिन्यातून एकदा जाऊन आला तर पडेल तेवढी.

त्या घरी आल्या, कोट न काढता बसून राहिल्या. खरं सांगितलं तर पंचायत गेली. खोटं बोलायचं तर बोलायलाही नको होतं, फक्त टंकलेखन यंत्रात कागद घालायचा होता. पाच वेळा त्यांनी मेलेल्या माणसाला चुकून बोलावलं होतं. संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी सहावं पाकीट मुद्दाम नेऊन टाकलं, आणि पलीकडे काही उचलल्याचा आवाज आला की नाही हे कळू नये म्हणून मिल लेनभर स्वतःशी मोठ्याने बदकं मोजत आल्या.

*सभा. फेब्रुवारी. दुपारी ४.*

(चार वाजता का? कारण तिन्ही सदस्यांपैकी एकही अंधारात गाडी चालवत नसे.)

सभागृह गरम ठेवणारा बॉयलर सप्टेंबरपासून बंद होता. धुकं खिडक्यांना चिकटलं होतं. मिस ऑर्डवे ओले बूट पुसत आल्या, तिशीच्या, नीटनेटक्या, हातात फाईल. बसल्या बसल्या त्यांनी पेनाचं टोपण काढलं. पोकॉकबाई भिंतीजवळच्या खुर्चीकडे बघत नव्हत्या. ग्वेनबाई बघत नव्हत्या. डेन्झिल छताकडे बघत होता, जणू छतावर मतदान होणार आहे.

"तीन सदस्य," मिस ऑर्डवे लिहिता लिहिता म्हणाल्या. "ठीक."

पोकॉकबाईंच्या लेखणीचा कागदावर डाग पडला. बावीस वर्षांत पहिला. मिस ऑर्डवे त्यांच्याकडे झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, की जमत असेल तर त्या गृहस्थांना दुसरीकडे बसवा, त्यांचा कोट पार भिजलाय आणि ती भिंत गार असणार.

"ते तिथेच बसतात," पोकॉकबाई म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण लांबून आला.

मग सभा झाली, आणि काय सांगावं, उत्तम झाली. बदकं मंजूर. छप्पर पुढच्या सभेवर. शरदापासूनची पाच इतिवृत्तं मिस ऑर्डवेंनी पान उलटून उलटून पाहिली आणि म्हणाल्या की इतकी एकसारखी इतिवृत्तं त्यांनी आजवर पाहिली नाहीत. पोकॉकबाईंनी हे कौतुक म्हणून घेतलं. आता फक्त आयत्या वेळचे विषय उरले होते, ते संपले की मिस ऑर्डवे अहवालावर सही करणार.

आयत्या वेळचा विषय एकच होता, कुत्र्यांच्या घाणीचे डबे. रस्त्याकडेला ठेवलेले चार डबे दर सोमवारी रिकामे करायला सदस्यांपैकी एक जण लागतो आणि अकरा वर्षं ते काम कुणी घेतलं नव्हतं. डेन्झिलला विचारलं की तो पाठ दुखते म्हणत पाठीला हात लावायचा. डुकराची घाण म्हणजे शेती, कुत्र्याची घाण म्हणजे घाण, असंही त्याचं तत्त्व होतं. आणि पंचायतीची जुनी रीत अशी, की नको असलेलं काम गप्प बसलेल्याच्या गळ्यात घालायचं.

ग्वेनबाईंना वाईट काही करायचं नव्हतं. सवय ती. सभा संपत आली होती, मनावरचा दगड उतरला होता, आणि तोंडातून निघून गेलं, "कुणाची हरकत नसेल तर हे ऑब्रींकडे द्यावं."

"अनुमोदन," डेन्झिलही सवयीनेच म्हणाला.

पोकॉकबाईंनी निम्मं वाक्य लिहिलंसुद्धा.

भिंतीजवळची खुर्ची मागे सरकली. लाकडी जमिनीवर तिचा लांबलचक आवाज झाला. मग काही नाही. मग दाराची कडी उचलली गेली, गुडघाभर धुकं आत आलं, आणि दार हलकेच, सभ्य माणसाने लावावं तसं, लागलं.

मिस ऑर्डवेंनी पेनाला टोपण लावलं. "सदस्य सभा सोडून गेले," त्या म्हणाल्या. "वेळ नोंदवा. म्हणजे राहिले दोन."

चार बावन्न. पोकॉकबाईंनी नोंदवलं, कारण हात दुसरं काही करायला शिकलाच नव्हता. आणि मग त्या उठल्या, बावीस वर्षांत प्रथमच सभा चालू असताना उठल्या, आणि दार उघडून धुक्यात म्हणाल्या की श्री. टकवेल, विषय अजून संपलेला नाही. मागून ग्वेनबाई आल्या, सूचना मागे घेते म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या. समोर पांढरं, नुसतं पांढरं. त्यात कुठेतरी चर्चच्या आवाराचं फाटक करकरलं आणि थांबलं.

दोघी वळून डेन्झिलकडे बघू लागल्या.

डेन्झिलने पाठीला हात लावला. दोघींची नजर पाठीवरून खांद्यावर गेली, शवपेटी घेतली त्या खांद्यावर. हात खाली आला.

"बरं," तो बुटांकडे बघत पुटपुटला. "डबे मी घेतो."

"त्यांना ऐकू गेलं नसेल," पोकॉकबाई म्हणाल्या.

डेन्झिल उंबऱ्यात आला. तोंडाशी हात धरून ओरडला, "ऑब्री! डबे मी घेतो! तू ये आणि बस आपला!"

बराच वेळ काही झालं नाही. मग फाटक पुन्हा करकरलं. तिघं दारातून बाजूला झाले, कुणीही कुणाला सांगितलं नव्हतं, तरी मधोमध एका माणसाला जाण्यापुरती वाट सोडून. त्या वाटेनं ओल्या लोकरीचा वास आत गेला.

*४.५८. श्री. टकवेल परत आले. कुत्र्यांच्या घाणीचे डबे: श्री. रूक. अनुमोदक: श्री. टकवेल. एकमताने मंजूर.*

मिस ऑर्डवेंनी सही केली. निघताना हातमोजे चढवत त्या म्हणाल्या की ते थोडे तापट आहेत, पण सदस्याला कामाची तळमळ असावी ती अशी. नेदर मोर्कमची पंचायत टिकली. तळ्याला कठडा नाही, बाकांना नंबर नाहीत, पोकॉकबाईंचा मंगळवार शाबूत आहे. मिल लेनला पाकीट जातंच, आता त्या ते टाकण्याआधी दार वाजवतात, एवढंच.

डेन्झिल दर सोमवारी पिशव्या घेऊन चार डबे फिरतो. अलीकडे तो म्हणू लागलाय, की सभागृहाचं दार जुनं, कडी सैल, खुर्चीचे पाय वाकडे, त्या दिवशी वारा होता, दुसरं काय असणार. परवा त्याने हे पोकॉकबाईंना पोस्टाच्या रांगेत सगळ्यांदेखत ऐकवलं.

"असेल," त्या म्हणाल्या. "पण वारा इतिवृत्तात नाही, डेन्झिल. डबे आहेत."