बासष्टावे कासव

रविवारी सकाळी दह्याचे भांडे काढताना वसुंधराबाईंना फ्रीजमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी सापडली. ती ओली होती. नवीन पनवेलमधल्या त्या घरात आजवर अंडेसुद्धा आले नव्हते. त्यामुळे वासावरून निष्कर्ष काढायला त्यांना थोडा वेळ लागला.

"अहो, फ्रीजमध्ये मासे आहेत."

"बोंबील," दीनानाथ लेले यांनी वर्तमानपत्राआडून दुरुस्ती केली. "सात नग."

"आपण मासे खात नाही."

"खाण्यासाठी आणलेले नाहीत."

"मग पाळायला आणलेत का?"

दीनानाथांनी वर्तमानपत्राची घडी केली. वॉचमन उदयसिंह आठला कामावर येतो, तेव्हा ही पुडी त्याच्याकडे जाईल, असे त्यांनी सांगितले. हे उत्तर खरे होते. फक्त ते विचारलेल्या प्रश्नाचे नव्हते. वसुंधराबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिले.

"कासव?" त्यांनी विचारले.

दीनानाथांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडले. वसुंधराबाईंनी दह्याचे भांडे बाहेर काढून फ्रीज बंद केला.

दीनानाथांनी एकतीस वर्षे एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायनांची शुद्धता तपासण्यात घालवली होती. पुराव्याशिवाय ते पंचांगातला सूर्योदयही मानत नसत. अशा माणसाने कासव कोरलेले बिल्ले आणि पदके जमवावीत, हे त्यांच्या ओळखीच्यांना कोडे होते. संग्रहात एकसष्ट कासवे होती. त्यांत एका देवळाच्या चप्पल स्टँडचा बिल्ला होता, एका जलतरण मंडळाचे पदक होते, आणि एका महाविद्यालयाने मंद सायकल स्पर्धेतल्या विजेत्याला दिलेले रुप्याचे पदकही होते. सगळी मखमलीच्या पेटीत आपापल्या खाचेत बसली होती. बासष्टावी खाच रिकामी होती. पेटी करून घेतली तेव्हा ती सर्वांत आधी कोरायला सांगितली होती, हे फक्त वसुंधराबाईंना ठाऊक होते.

दीनानाथांचे वडील गव्हाणजवळच्या एका मिठागरात कारकून होते. मिठाची पाटी डोक्यावरून आणून ओतली की मजुराला पितळेचा एक बिल्ला मिळे. मालकाची खूण कासव होती, म्हणून बिल्ल्यावर कासव होते. सहा वर्षांचा दीनानाथ वडिलांच्या शेजारी खोक्यावर बसून बिल्ले हातात देत असे. १९५४च्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी वडिलांनी एक बिल्ला त्याच्या मुठीत ठेवला आणि म्हणाले, "हा तुझा. जपून ठेव." घरी पोचेपर्यंत तो बांधावरच्या चिखलात कुठेतरी पडला. मुलाने सांगितले नाही. वडिलांनी विचारले नाही. पुढे वडील गेले, मिठागर बंद झाले, त्यावर भराव पडला, आणि आता तिथे कंटेनर एकमेकांवर रचलेले असत. दीनानाथ कधीकधी जासईच्या एसटीत बसून तिथवर जात, कुंपणाबाहेर थोडा वेळ उभे राहत आणि पुढच्या एसटीने परत येत. या प्रवासाचे कारण विचारले असता ते "हवापालट" असे सांगत.

२०११च्या जानेवारीत औषधाच्या दुकानाकडे जाताना त्यांनी प्रथमच मासळी बाजारातून आडवाट धरली. नाकाला रुमाल होता, डोळे उघडे होते. एका कोळणीच्या ओट्यावर, छताच्या आकड्याला तराजू टांगलेला होता. त्याच्या दांडीच्या डाव्या टोकाला दोरीने बांधलेले पितळेचे कासव हलत होते.

बिल्ला तिथे का बांधला असावा, हे प्रयोगशाळेतल्या माणसाला सांगावे लागले नाही. दोन पारड्यांत फरक असला की हलक्या बाजूला पासंग बांधतात. दीनानाथ घरी आले. औषध आणायचे राहून गेले होते.

दुसऱ्या दिवशी बाजारात गर्दी नसताना बोलावे, म्हणून ते सकाळी साडेसहालाच पोचले. हीच पहिली चूक झाली.

"बाई, तो बिल्ला विकायचा आहे का?"

कोळणीने, म्हणजे गुणाबाईने, पाटीवरचे फडके काढले. "दादा, भवानी व्हायची हाय. आधी काय तरी घ्या, मंग इचारा."

"मी शाकाहारी आहे."

"आसू द्या की. पयलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तं माजा आख्खा दिस वाया जातो. बोंबलाचा वाटा घ्या."

दिवसाची पहिली विक्री ही भवानी, आणि ती करणाऱ्याच्या हातगुणावर उरलेला दिवस ठरतो, ही समजूत दीनानाथांना ठाऊक होती, मान्य नव्हती. तरी त्यांनी सात बोंबलांचा वाटा घेतला. मग बिल्ल्याचे विचारले. गुणाबाई म्हणाली, "तो नाय मिलायचा."

त्या दिवशी तिची पाटी अकराच्या आत रिकामी झाली. दीनानाथ पुन्हा विनंती करायला गेले, पुन्हा वाटा घेतला, पुन्हा पाटी रिकामी झाली. चौथ्या दिवशी गुणाबाई त्यांची वाट पाहत होती.

"तुमचा हात लय चांगला हाय, दादा."

"हा योगायोग आहे."

शेजारच्या ओट्यावरची शांती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "योगायोग आसंल तं एक दिस माज्याकडं पाटव. रोज तुलाच कशाला लागतो?"

"माजं गिऱ्हाईक हाय ते."

"गिऱ्हाईक? बामन हाय तो. मासली बोटानं धरतो नि दुसरीकडं बगतो."

दीनानाथांना शकुन ठरणे सहन होण्यासारखे नव्हते. त्यांनी रुपया चौदा वेळा उडवला आणि कॅलेंडरच्या पानावर, छापा पडला त्या तारखांभोवती वर्तुळे काढून ते पान गुणाबाईला दिले. वर्तुळाच्या दिवशी ते येणार, बाकीच्या दिवशी नाही. पाटी कधी रिकामी झाली, ते तिने रोज लक्षात ठेवायचे. ती कबूल झाली. वॉचमनच्या घरीही आठवड्यातून चारच दिवस बोंबील शिजू लागले.

निकाल असा आला: दीनानाथ आठ दिवस आले, त्यांतल्या सात दिवशी पाटी अकराच्या आत संपली. सहा दिवस आले नाहीत, त्यांतल्या पाच दिवशी दुपारचा एक वाजला.

"चौदा निरीक्षणांवरून काही सिद्ध होत नाही," दीनानाथ म्हणाले.

"मना पुरं हाय," गुणाबाई म्हणाली.

चूक शांतीने दाखवून दिली, तीही रागाच्या भरात. "हात कसला चांगला? तुमी येनार आसलं का ही पयल्या टेंपोनं करंज्याच्या बंदराला पलते नि ताजी मासली उचलते. नाय तं निवांत उटते."

दीनानाथांचा चेहरा उजळला. कॅलेंडर विक्रेतीच्या हातात द्यायला नको होते. आखणीतच दोष होता. त्यांनी गुणाबाईला सगळे क्रमाने समजावून सांगितले: भवानी चुकू नये म्हणून ती लवकर उठते, लवकर गेल्याने मासळी ताजी मिळते, ताजी असल्याने लवकर खपते, यात त्यांच्या हाताचा संबंध कुठेही येत नाही.

गुणाबाईने शांतपणे ऐकून घेतले. "म्हंजी तुमच्यामुलंच ना?"

दीनानाथांना यातली तर्काची चूक लगेच सापडली नाही.

बिल्ला मिळवायला आता वस्तुनिष्ठ तोडगाच उरला होता: पासंगाच्या बदली पासंग. ते खिशात मावणारा छोटा वजनकाटा घेऊन बाजारात आले. गुणाबाईने दोन मिनिटांसाठी बिल्ला सोडून दिला. घामाचा भार मापात येऊ नये म्हणून दीनानाथांनी तो चिमट्याने उचलला. नऊ पूर्णांक बेचाळीस शतांश ग्रॅम. चिमट्यातले कासव एका बाजूने झिजले होते. त्यांनी ते जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ धरले आणि परत दिले. आठवड्याभरात त्यांनी तळोज्याच्या एका लेथवाल्याकडून तेवढ्याच आकाराची आणि वजनाची, शतांशापर्यंत बिनचूक, पितळेची चकती करून आणली.

"ही बांधा. तराजूत केसाइतकाही फरक पडणार नाही."

गुणाबाईने चकती उलटसुलट केली. मग ती हसू लागली, आणि तिला हसताना पाहून शांतीही हसू लागली.

"दादा, मी वाट्यानं इकते, वजनानं नाय. तराजू कंदी खाली काढलाय? तपासाया सायेब येतो, त्याला टांगलेला दिसाया पायजे, म्हनून हाय."

"मग बिल्ला?"

"तो माज्या आयचा. जनी तिचं नाव. गव्हानच्या मिठागरात मिठाच्या पाट्या वाहायची. तिला चिखलात गावला."

दीनानाथांनी चष्मा काढला. "कधी?"

"मी न्हानी व्हते. हंगाम संपलावता. आय सरल बाई, म्हनून परत द्याया गेली. कारकुनानं घेतला नाय. बोलला, तुज्याकडंच ठेव. माज्या पोरानं हरवलाय. तो आपनहून सांगंल, त्या दिवशी येऊन नेईन." गुणाबाईने बोंबलांवर पाणी शिंपडले. "दोन हंगाम आय तो कमरंला लावून फिरली, काय सांगावं, कवा मागंल. कारकून रोज दिसायचा. पन मागाया काय आला नाय."

पुरावा ऐकीव होता, दुसऱ्या पिढीतला होता आणि सत्तावन्न वर्षे जुना होता. प्रयोगशाळेत दीनानाथांनी तो दारातूनच परत पाठवला असता. त्यांनी आक्षेप घेतला नाही. ते हातातला चष्मा रुमालाने पुसत राहिले.

"दादा? बरं हाय ना?"

"माझ्याकडून हरवला," दीनानाथ म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात प्रथमच मोठ्याने उच्चारले होते आणि ज्यांना सांगायचे ते तिथे नव्हते.

गुणाबाईने त्यांच्याकडे पाहिले, मग वर तराजूकडे. तिने दांडीवरून दोरी सोडली, बिल्ला पदराला पुसला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. बिल्ला अपेक्षेपेक्षा गार आणि थोडा ओला होता. दीनानाथांनी मूठ मिटली.

"न्या," गुणाबाई म्हणाली. "सांगितलंत ना आता." थोड्या वेळाने ती हलक्या आवाजात म्हणाली, "म्हंजी उद्यापासून काय यायची गरज नाय तुमाला."

दीनानाथांनी त्यावर विचार केला. मग मूठ उघडली, ओट्यावर चढले आणि बिल्ला होता तिथे, डाव्या टोकाला, स्वतःच्या हाताने बांधला. गाठ दोनदा तपासली.

"बोंबलाचा वाटा द्या," ते खाली उतरत म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी पेटी उघडली आणि बासष्टाव्या खाचेत, गुणाबाईने परत दिलेली ती चकती ठेवली. ती तंतोतंत बसली. वसुंधराबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"ह्याच्यावर कासव कुठंय?"

"ते कामावर असतं. सकाळी साडेसहाला भेटतं."

वसुंधराबाईंनी त्या कोऱ्या पितळेकडे पाहिले, मग नवऱ्याच्या डोळ्यांकडे. त्यांनी टेबलावरची ओली पुडी दोन बोटांनी उचलली आणि दुसरीकडे पाहत फ्रीजमध्ये ठेवली.

"उद्या कोळंबी आणा," त्या म्हणाल्या. "उदयसिंह बोंबलांना कंटाळलाय."