पुरा मिनिट

वानखडे डॉक्टर कोणाला नमस्कार करत नाहीत. समोर आले की तुमचं मनगट धरतात, घड्याळाकडं बघतात आणि तुम्ही काय बोलताय तिकडं साफ दुर्लक्ष करून नाडी मोजतात. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं, ही जगाची रीत त्यांना मंजूर नाही. "पुरा मिनिट," म्हणतात. एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर गेले अन् नवरदेवाचं मनगट धरून उभे राहिले. मागं पाहुण्यांची रांग, फोटोवाला खोळंबलेला. "एकशे दहा," त्यांनी सांगितलं. "आज चालते. उद्या कमी व्हाले पायजे."

डॉक्टर भुलीचे. आमच्या बुलढाण्यात ऑपरेशन करणाऱ्याचं नाव लोकांच्या तोंडी असतं, भूल देणाऱ्याला कोण विचारतो? मी त्यांचा न्हावी. दर रविवारी माझ्या खुर्चीत बसायचे अन् माझ्या हातात वस्तरा असताना माझंच मनगट धरायचे.

"साहेब, कापलं जाईन नं."

"कापू दे. मले टाके घालता येतात."

गेल्या वर्षी धाड गावच्या बाजारातून परत येताना जीपमधून उतरता उतरता मी पडलो. उजव्या खांद्यातला स्नायू फाटला. हात कानाच्या वर जाईना. ज्या न्हाव्याचा हात वर जात नाही त्यानं दुकान उघडावं कशाला? ते शटरसुद्धा बायको उघडून द्यायची. ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता, अन् दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयात स्प्रिंग बसवलेली. भुलीच्या भीतीनं दोन दवाखान्यांनी हात जोडले.

डॉक्टर मात्र रविवारी यायचेच. दाढी होणार नाही हे माहीत असूनही खुर्चीत बसायचे, माझी नाडी मोजायचे, घरी जायचे. दुसऱ्या न्हाव्याकडं गेले नाहीत. दाढी छातीकडं निघाली तेव्हा मीच म्हटलं, "साहेब, लोकं तुमाले बुवा समजून पाया पडतीन."

"मंग लवकर बरा हो," ते म्हणाले. "ऑपरेशन आपन करू. पुरी भूल नाई देत तुले. मानंपाशी सुई देतो, हात तेवढा झोपते. पन लपवत नाई, ऐक. आवाज बसन, एक पापणी खाली येईन, दम अर्धा वाटन. ते उतरते. खरी भानगड हृदयाची. हे ऑपरेशन बसवून करतात. बसल्या माणसाचं रक्त पायाकडं उतरते, हृदय रिकामंच पिळत बसते, अन् एखाद्या वक्ती एकदम मंदावते. जांभई आली, मळमळलं, तं लगेच सांग. लाजू नको."

ऑपरेशनच्या दिवशी पाहतो तं काय, टेबल म्हणजे थेट माझीच खुर्ची. पाठ उभी, पाय खाली, डोकं टेकलेलं. जन्मभर लोकांना असं बसवलं, आज माझी पाळी. थोड्या वेळात उजवा हात दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा झाला. डॉक्टर मधे लावलेल्या हिरव्या कपड्याच्या अलीकडं, माझं डावं मनगट धरून बसले. मशीन होतंच की, पण यांचा भरवसा बोटांवर.

"बोलत राह्य," म्हणाले. "न्हाव्याले काय शिकवा लागते?"

मी घोगऱ्या आवाजात बोलत राहिलो. अन् मग अशी जांभई आली की काय सांगू. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकासमोर जांभई देत नाहीत; बापानं त्यासाठी मला मारलंय. तिकडं सर्जन एवढे मन लावून काम करताहेत, त्यांच्यासमोर तोंड वासायचं? मी ओठ दाबले अन् जांभई गिळली. कपाळाला घाम फुटला, दिवे पिवळे झाले.

"थांबा," डॉक्टर हळूच म्हणाले. मशीन त्यानंतर बोंबललं. खुर्ची आडवी झाली, पाय कोणीतरी वर धरले, सलाईनमधून औषध गेलं. माझ्या मनगटावरची बोटं हलली नाहीत.

"अडतीस," ते म्हणाले. पाय अजून वरच धरलेले. मग, "पंचावन्न. सत्तर. हाव, आला."

सगळं थाऱ्यावर आल्यावर कानाशी वाकून म्हणाले, "जांभई गिळली नं बे?"

मी जिवंत आहे तो त्या बोटांमुळं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, कंटाळले तरी सांगतो.

चार महिन्यांनी हात कानावर गेला. पहिली दाढी अर्थातच डॉक्टरांची. आधी कात्री, मग साबण. त्या जंगलाखालून एक वाळलेला चेहरा निघाला. डॉक्टरांच्या बाईसाहेब वारून पाच वर्षं झालीत. घरात बोलायला कोणी नाही, हे गल्लीला माहीत होतं, मलाही होतं. मी वस्तरा खाली ठेवला अन् त्यांचं मनगट धरलं. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मोजलं.

"अठरा चोक बहात्तर," मी म्हटलं. "एकदम मस्त, साहेब."

डॉक्टरांचे डोळे मिटलेले होते.

"तिच्यानंतर कोनं धरलाच नाई हा हात," ते म्हणाले. "पुरा मिनिट मोज नं, गजानन."

मी परत एकपासून सुरुवात केली. मिनिट संपला, गालावरचा साबण वाळला, तरी मी हात सोडला नाही.