सागाच्या ओंडक्यातील पीळ कैसा उलगडला त्याची हकीकत

श्री. जो बिंदूबिंदूंत वास करोन रेषारेषांस वळण देतो त्यास दंडवत घालोन लेखणी उचलिली ऐसी जे, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध त्रयोदशी, ते दिवशी राज्यावर जो प्रसंग गुदरला तैसा पूर्वी कोणे राज्यावर गुदरला नाही, पुढे गुदरणे नाही, आणि ऐकणाराचे अंगावर काटा उभा राहावा. प्रसंग झोपाळ्याचे फळीचा. संवत्सराचे नाव क्रोधी असता त्या साली राज्यात कोणी फारसा रागावला नाही, हेही आरंभीच नमूद केले, म्हणजे वाचणाराने उगाच लढाईची वाट पाहू नये.

राज्य लहान, पण सुखवस्तू. महाराज अंगाने भरदार, स्वभावे शांत, आणि भोजनोत्तर झोपाळ्यावर बैसोन विडा चघळीत राज्य चालवावे ऐसा शिरस्ता. न्याय म्हणावा तर राज्यात एकच होता, मध्य काढणे. दोघे भांडत आले की खरे कोणाचे हे पाहू नये, दोहोंचे म्हणणे एकत्र करोन निम्मे करावे. एके गल्लीतील अर्धे लोक म्हणत की झाडू पूर्वेकडोन मारावा, अर्धे म्हणत पश्चिमेकडोन. दरबारने मध्य काढिला, आणि तेव्हापासोन ती गल्ली झाडलीच जात नाही, आणि दोन्ही पक्ष समाधानी आहेत. तो त्या साली झोपाळ्याची जुनी फळी कुरकुरू लागली, आणि महाराज पडले तर राज्य पडले ऐसी सर्वांचे चित्ती धास्ती बसली, आणि मग कारभारी त्रिंबकपंत यांनी आपले सासुरवाडीहून सागाचा एक थोर ओंडका नजर म्हणोन आणविला. बुडख्याची रुंदी मापोन पंत बोलिले की महाराजांस पुरेल ऐसी अखंड फळी येथोनच निघते, आणि सरकारी सुतार धाकोजी यास बोलाविले. धाकोजी एक्केचाळीस वर्षांचा चाकर. त्याने वाकसाचे, म्हणजे लाकूड तासण्याचे हत्याराचे, दांड्याने ओंडक्यावर तीन ठिकाणी ठोकोन कान लाविला आणि म्हणाला, "बुडख्याकडून दीड हात पीळ आहे. आतल्या रेषा फिरल्यात. इथून फळी काढाल तर मधोमध आडवी तुटेल, आणि महाराज..." पुढले वाक्य त्याने अदबीने गिळिले.

पंत म्हणाले, "धाकोजी, हा साग आमच्या सासऱ्यांनी स्वतः निवडलेला आहे."

"जावईही त्यांनीच निवडला होता ना?" धाकोजी सहज बोलोन गेला.

दरबारात हशा जाहला, महाराजांचा विडा सांडला, आणि येथेच काम बिघडले. पंत उभे राहिले आणि अर्ज केला की सुतार म्हातारा जाहला, डोळ्यांनी पाहायचे ते कानांनी पाहतो. आता यंत्राने पाहू, आणि यंत्र त्याचे विरुद्ध बोलिले तर वाकस सरकारजमा करोन त्याने घरी बसावे. धाकोजी म्हणाला, "बसतो. पण लाकूड खोटं बोलत नाही, पंत. माणसासारखं शिकलेलं नसतं ते." वाकस त्याचे बापाचा होता.

मग ओंडका बैलगाडीत घालोन रुग्णालयी नेला, जेथे क्ष-किरणांनी अंगाचे काप घेतल्यागत चित्रे निघतात, आणि तेथील दफ्तरी नोंद जाहली की रुग्णाचे नाव ओंडका, वय कडी मोजोन बासष्ट, तक्रार काही नाही. यंत्र आतोन बोलिले, "श्वास रोखून धरा," आणि तेथील मंडळी आजही सांगतात की तैसा श्वास आजवर कोणी रोखिला नव्हता. नऊशे चित्रे निघाली, ती एकावर एक रचोन संगणकात ओंडक्याची प्रतिमा उभी राहिली, सगळी ठिपक्यांची, आणि प्रत्येक ठिपक्यास आपापला उजेड. मग पंतांनी राज्याचे शिरस्त्याने चौकशी केली. प्रत्येक ठिपक्यास पुसले की तुझे शेजारी उजेड कोणीकडे वाढतो, आणि त्याने बाण करोन दाखविला, आणि पंतांनी आसपासचे सर्व बाण गोळा करोन मध्य काढिला, तो शून्य. दुसरे ठायी शून्य, तिसरे ठायीही शून्य. पंतांस परमानंद जाहला. भर दरबारी जाहीर केले की ओंडक्याचे आत पीळ तर नाहीच, रेषाही नाही.

"रेषा नसलेलं लाकूड?" धाकोजी म्हणाला. "मग पंत, ते लाकूड नव्हे, साबण आहे. सासरेबुवांना म्हणावं, आंघोळीला उपयोगी पडेल."

या खेपेस कोणी हसले नाही, कारण यंत्राची शून्ये कागदावर छापोन आली होती आणि छापलेल्यावर हसण्याची राज्यात चाल नाही. धाकोजीने वाकस पुढे ठेविला. तेव्हा गणकनवीस द्वारकाबाई, ज्या आजवर दरबारात बेरजेपुरत्याच बोलत, त्या उठोन म्हणाल्या, "महाराज, वाकस जरा तिथेच असू द्या. पंत, लाकडाचा एक तंतू डोळ्यांपुढे आणा. त्याच्या डाव्या अंगाला उजेड उजवीकडे वाढतो, उजव्या अंगाला डावीकडे वाढतो. दोन बाण समोरासमोर. तुम्ही मध्य काढलात, बाण एकमेकांत विरले. अहो, ते भांडत नव्हते! दोघेही एकच सांगत होते, की आमच्यामध्ये तंतू उभा आहे."

महाराजांचा झोपाळा थांबला. "म्हणजे ती आपली गल्ली..."

"झाडायची होती, महाराज. त्यावर वाद नव्हताच."

मग बाईंनी रीत सांगितली ती ऐसी, की प्रत्येक बाणाचे तीन आकडे असतात, त्यांचा आपापसांत गुणाकार करोन नऊ घरांचा तक्ता मांडावा; उणे गुणिले उणे अधिक, सबब समोरासमोरचे बाण एकच तक्ता देतात आणि कोणी कोणास खोडीत नाही. "आणि मग शेजारच्या तक्त्यांचा मध्य काढायचा," बाई म्हणाल्या.

"मध्य काढायचाच ना?" महाराजांनी मोठ्या आशेने पुसले.

"काढायचाच. पण गुणाकार झाल्यावर."

हे ऐकोन राज्याचा न्याय शाबूत राहिला म्हणोन सर्वांस हायसे वाटले. शेजार केवढा धरावा म्हणाल, तर फार लहान धरिला असता यंत्राची कुरकुरच ऐकू येते, आणि फार मोठा धरिला असता पीळ त्यात बुडोन जातो. बाईंनी हरभऱ्याएवढा धरिला. परदेशी विद्वान या तक्त्यास स्ट्रक्चर टेन्सर म्हणतात, आमचे दरबारी नवघरी म्हणू लागले. त्यातून तीन दिशा निघतात आणि तीन आकडे, की त्या त्या दिशेने चालणारास उजेड किती पालटलेला दिसेल. तिन्ही नगण्य तर तेथे सांगण्याजोगे काही नाही, एकच मोठा तर पापुद्रा, तिन्ही मोठे तर गाठ, आणि दोन मोठे एक लहान तर तंतू. आणि तो लहान आकड्याचे दिशेने जातो, कारण तंतूबरोबर चालणारास वाटेत काही पालटत नाही.

"सरकारी नोकरीच ती," धाकोजी पुटपुटला.

मग बाईंनी संगणक चालविला, आणि तीन दिवस तो ऊनऊन होऊन गुरगुरत राहिला, आणि त्या तीन दिवसांत धाकोजी कामावर येई आणि हत्याराविना ओट्यावर बैसे, आणि भटारखान्यातोन त्यास कोणी न सांगता चहा जाई. चौथे दिवशी रंगीत चित्र निघाले. वरला भाग सरळ, रेषा शेजारी शेजारी शिस्तीत उभ्या. आणि बुडख्याकडे त्याच रेषा वळत वळत आडव्या जाहल्या. बाई म्हणाल्या, "धाकोजीकाका, पीळ आहे. पण तुम्ही दीड हात म्हणालात, माझं पावणेदोन येतंय."

महाराज उत्साहाने पुढे झुकोन म्हणाले, "मग मध्य..."

"नको, महाराज!" बाई, पंत आणि सुतार एकदम बोलिले. राज्याचे इतिहासात तिघे एकमताने बोलिले ते प्रथमच.

धाकोजीने वाकस उचलिला, बुडख्यात पाचरी मारिल्या, आणि ओंडका फुटला तो करंजीचे मुरडीसारखा वळसा घेत फुटला. दोरी लाविली, पावणेदोन हात भरले. धाकोजीने दोरी गुंडाळिली आणि म्हणाला, "बाई, तुमच्या नवघरीला कान चांगले आहेत." बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही तीन ठोक्यांत सांगितलंत. मला तीन दिवस लागले." पंतांनी अंमळ घसा खाकरला आणि म्हणाले की वरला सरळ भागही सासऱ्यांचाच आहे, एवढे दफ्तरी लिहावे. लिहिले.

मग वरल्या भागातोन दोन अरुंद फळ्या काढोन त्या जोडोन झोपाळा सिद्ध जाहला, धाकोजी चाकरीत कायम राहिला, पंत नवघरी शिकू लागले, आणि महाराज त्या फळीवर बैसोन पूर्ववत राज्य चालवू लागले. एकंदर ऐसे जे, म्हाताऱ्याचा वाकस राहिला, विद्या खरी ठरली, आणि राज्य मोठ्या संकटातोन वाचले. झोपाळा जमिनीपासोन दीड फूट उंच आहे, आणि खाली गादी असते.