हौदातले दातीर

रेणापूरच्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल मन्मथअप्पा हालकुडे यांनी सकाळी चहाची बशी खाली ठेवली आणि बायकोला सांगितलं, "शिवकांता, आज तपासणी अशी होणार, की त्या बाई लातूरला जाऊन बाकीच्या वाचनालयांना आपलं उदाहरण देतील."

अप्पा असं छातीठोकपणे काही बोलले, की शिवकांताबाई देवापुढं एक जादा उदबत्ती लावायच्या. त्या दिवशी त्यांनी दोन लावल्या.

गोष्ट त्या साली घडली, जेव्हा लातूर उस्मानाबादेपासून फुटून नवा जिल्हा झाला होता आणि पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा दगा दिला होता. जिल्हा नवा म्हटल्यावर कचेऱ्या नव्या, साहेब नवे, आणि बसायला जागा कुणालाच नाही! पाणीपुरवठ्याच्या नव्या शाखेला रेणापुरात खोली हवी होती. पत्रे न गळणारी सरकारी खोली गावात एकच, वाचनालयाची. गळायला पाऊस कुठं होता म्हणा, पण सरकार पुढचा विचार करतं. तर जिल्ह्याच्या ग्रंथालय कचेरीतून पत्र आलं, की आमच्या अधिकारी बाई तपासणीला येतील. वाचनालय नीट चालू असलं तर खोली वाचनालयाची, नसलं तर खोली पाणीपुरवठ्याची.

अप्पा त्या खोलीत सव्वीस वर्षं बसत होते. खोली गेली तर सकाळी उठून जायचं कुठं, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. पत्र आल्यापासून त्यांच्या घशाखाली भाकरी उतरत नव्हती.

आणि त्यांना खरी भीती होती ती अनंत दातीरांची.

दातीर म्हणजे भयकथांचे बादशहा. महिन्याला एक कादंबरी काढायचे. पुण्याहून पार्सल रेणापूरला पोचेपर्यंत त्यांचं पुढचं भूत तयार असायचं. 'पाण्यातली पाहुणी', 'सातवी चिता', 'उंबऱ्याआड कोण?' अशी त्यांची एकाहत्तर पुस्तकं वाचनालयात होती, आणि गाव वाचायचं तेवढीच. संतसाहित्याच्या कपाटाला कुलूप होतं, त्याची किल्ली कधीच हरवली होती, आणि हे आठ वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. अप्पांना याची फार लाज वाटायची. दातीरांच्या पुस्तकांवरची रंगीत कव्हरं तर त्यांना बघवत नसत. केस मोकळे सोडलेल्या बायका, मातीतून वर आलेले हात, बुबुळं नसलेले डोळे. नवं पुस्तक आलं की अप्पा आधी कव्हर काढायचे, पुस्तकाला खाकी पुठ्ठा चढवायचे आणि कव्हर आपल्या टेबलाच्या खणात टाकायचे. गावानं दातीर वाचले ते सगळे खाकीत.

सरकारी बाई असलं काही बघतील तर खोली गेलीच, असा अप्पांनी हिशेब मांडला. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी भर दुपारी, उन्हामुळं गल्लीत कुत्रंही नसताना, त्यांनी एकाहत्तर दातीर दोन पोत्यांत भरले, कव्हरांचा गठ्ठा वर्तमानपत्रात गुंडाळला, आणि सगळं वाचनालयामागच्या हौदात नेऊन ठेवलं. हौद पंचायतीचा, अर्धा जमिनीत, वर पत्र्याचं झाकण. बांधल्यापासून त्यात थेंब पडला नव्हता. टँकर यायचा तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या विहिरीत रिकामा व्हायचा. यापेक्षा कोरडी जागा अख्ख्या जिल्ह्यात मिळाली नसती.

परतताना वाटेत सरपंच श्रीमंतराव भेटले. अप्पा म्हणाले, "उद्या लातूरच्या बाई येऊन राहिल्यात. उन्हाचं येतील. पाण्याचं तेवढं बघा."

अप्पांच्या मनात होता एक तांब्या. वर झाकायला फुलपात्र मिळालं तर उत्तमच.

"काळजीच करू नका," श्रीमंतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकराला प्रमोदिनीबाई नळेगावकर एस.टी.तून उतरल्या. पन्नाशीच्या, सुती पातळ, हातात फाइल, बोलणं मोजकं. त्यांनी कपाटं बघितली, धूळ बघितली, आणि खुर्चीत बसून देवघेवीचं रजिस्टर मागितलं.

इथं अप्पांना आपली चूक कळली. पुस्तकं लपवली होती. रजिस्टर लपवायचं राहिलं होतं.

बाई पानं उलटत गेल्या. दातीर, दातीर, दातीर. मधे एकदा 'शेळीपालन', आणि पुन्हा दातीर.

"अप्पा, ही पुस्तकं कपाटात दिसत नाहीत."

"वाचकांकडं गेलीत, बाई."

"सगळी?"

"लई वाचतात लोक," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

आणि मग नवल घडलं. बाईंनी चष्मा काढला आणि हसल्या. "तीन तालुके फिरले मी. कुठं पुस्तकाला हात लागलेला नाही. इथं एका लेखकाचं एक पुस्तक कपाटात शिल्लक नाही म्हणता! याला म्हणतात चालू वाचनालय. खोलीची चिंता सोडा." त्यांनी शेऱ्याची वही पुढं ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि तारीख घातली.

अप्पांना रडू येईल असं वाटलं. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांना भूक लागली.

तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडून आवाज आला. धो-धो, भरपूर, गार आवाज. दोन वर्षांत रेणापुरात असा आवाज कुणी ऐकला नव्हता. बाईसुद्धा लिहायचं थांबून ऐकू लागल्या. साऱ्या गावात तो आवाज नकोसा झाला तो एकाच माणसाला.

दारात श्रीमंतराव उभे राहिले, नवा फेटा बांधून. "अप्पा, तुम्ही बोल्ला तसं पाण्याचं बघितलं बरं का. म्हटलं, बाईंना दिसलं पाहिजे गावात पाणी हाय. टँकर आज हितंच सोडाय लावला, मागच्या हौदात."

अप्पा "वा" म्हणाले.

बाहेर बायकांची घागरी घेऊन झुंबड उडाली. सगळ्यांत पुढं नागम्मा. वय सत्तर, नजर अधू, पण टँकरच्या रांगेत तिला मागं सारणारा अजून जन्मला नव्हता. तिनं झाकण सरकवलं, पोहरा सोडला, खाली वाकली, आणि पोहरा तिथंच टाकून मागच्या मागं बसली.

"हौदात बाई हाय," ती म्हणाली. "केसं सोडून वर बघून राहिली."

बायका दोन पावलं मागं सरल्या. पोलीस पाटील मलप्पा धावत आला. मलप्पा म्हणजे वाचनालयाचा अव्वल वाचक. एकाहत्तरच्या एकाहत्तर दातीर त्याचे तीन-तीनदा झालेले. त्यानं हौदाच्या अंधारात डोकावलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"एक न्हाई," तो म्हणाला. "धा-बारा हायत. एक हात बी हाय, नुसता."

"मलप्पा, नीट बघ की रे," श्रीमंतराव म्हणाले.

"काय बघू? 'पाण्यातली पाहुणी'त बिल्कुल असंच हाय. आधी बाई वर येते, मग हात येतो. हाताला जो बघंल त्याच्या घरात तेराव्या दिवशी..." तो थांबला, कारण हाताला बघितलं होतं त्यानंच. "लातूरला कळवा. पंचनामा झाल्याबगर कुणी पाण्याला शिवायचं न्हाई."

टँकरचा ड्रायव्हर भीमा पाइप सोडत होता. त्यानं हे ऐकलं आणि कॉक बंद केला. "मुडदे पडलेल्या हौदात मी पाणी सोडणार न्हाई. अर्धा टँकर हाय, पुढच्या गावाला देतो."

"आन् आम्ही काय प्यावं?" नागम्मानं विचारलं.

"ते सरपंचास्नी इचार."

त्यानं पाइप गुंडाळायला घेतला. पुढचा टँकर चार दिवसांनी. बायका रिकाम्या घागरी घेऊन नुसत्या बघत राहिल्या, कुणी भांडेनासुद्धा. त्यांत शिवकांताबाई होत्या. घरातल्या रांजणाचा तळ अप्पांनी सकाळीच बघितला होता.

अप्पा वाचनालयाच्या दारात उभे होते. शेजारी प्रमोदिनीबाई, हातात शेऱ्याची वही, वहीत तारीख आणि अर्धं वाक्य. दोन मिनिटं गप्प बसलं तर वाक्य पुरं होणार होतं, खोली राहणार होती. अप्पांनी गप्प बसायचा प्रामाणिक प्रयत्न केला, हे मात्र त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. भीमानं इंजिन चालू केलं.

"थांब रे," अप्पा म्हणाले.

ते हौदाशी गेले, नागम्माचा पोहरा सोडला आणि ओढून वर काढला. पोहऱ्यात पाणी होतं आणि पाण्यावर केस मोकळे सोडलेली बाई होती, वर छापील अक्षरात किंमत लिहिलेली.

"कव्हरं हायत ही," अप्पा म्हणाले. "दातीरांची. पुस्तकं खाली पोत्यात हायत. मी ठेवली."

मलप्पानं ओलं कव्हर हातात घेतलं आणि बराच वेळ बघत राहिला. "ही व्हय ती पाहुणी," तो शेवटी म्हणाला. "मी वेगळीच समजून राहिलो होतो."

भीमाला थांबवलं, उरलेलं अर्धं पाणी जुन्या विहिरीत सोडायला लावलं. हौदातलं पाणी कव्हरांच्या शाईनं गुलाबी झालं होतं. ते जनावरांना पाजायचं ठरलं, आणि म्हशींनीही आधी वास घेतला. पोती बाहेर निघाली. दातीर असे फुगले होते, की खाकी पुठ्ठे आपोआप उकलले. पानं उन्हात वाळवली तर एकमेकांना चिकटून विटा झाल्या. पाण्यापायी निम्मं गाव अप्पांवर चिडलं होतं, पुस्तकांपायी उरलेलं निम्मं. शिवकांताबाई दोन्हीकडून चिडल्या.

प्रमोदिनीबाईंनी अर्धं वाक्य खोडलं. रागावल्या नाहीत, आणि तेच अप्पांना सहन झालं नाही.

"अप्पा, लोक काय वाचतात हे आम्ही विचारतच नाही हो," त्या म्हणाल्या. "वाचतात का, एवढंच विचारतो. आता पुस्तकं नाहीत म्हणजे वाचक नाहीत, आणि वाचक नाहीत म्हणजे..." त्यांनी वही मिटली. "तीन महिने देते. पाण्यानं पुस्तकांचं नुकसान झालं, नवीन मिळावीत, असा अर्ज तहसिलीत करा. माझी शिफारस जोडते."

अप्पांनी अर्ज केला. जन्मात लिहिलं नव्हतं इतकं सुवाच्य लिहिलं. मग रोज टपालाची वाट बघत रिकाम्या कपाटासमोर बसून राहिले. संध्याकाळी चारला वाचक यायचे तसे येत, दारातून आत बघत, आणि न बोलता परत जात. मलप्पा तर आत येऊन बसायचा आणि 'शेळीपालन' चाळायचा. अप्पांना वाटे, यानं आपल्याला शिव्या तरी द्याव्यात.

तीन महिने भरायला दोन दिवस असताना उत्तर आलं. शिक्का, सही, सगळं जागच्या जागी.

"सदरहू गाव टंचाईग्रस्त म्हणून जाहीर झालेले असल्याने तेथे पाण्यामुळे नुकसान होणे संभवत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

अप्पांनी ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि खोली झाडून काढली. तिसऱ्या दिवशी पाणीपुरवठ्याचा कारकून आला, टेबल-खुर्ची आणि पाटी घेऊन. चन्नबसप्पा त्याचं नाव, औराद शहाजानीकडचा, भला माणूस. अप्पांनी किल्ली त्याच्या हातात दिली. ते पायऱ्या उतरून गल्लीत आले, तोच मागून हाक आली.

"अप्पा, जरा थांबा की," चन्नबसप्पा दारात येऊन म्हणाला. "टाकीत पाणी न्हाई, नळाला पाणी न्हाई. हितं दिवसभर बसून मी करू काय? त्या दातीरांचं एखादं पुस्तक तरी द्या."