बिस्मथवाले भावोजी

माझी थोरली बहीण मंगळवारी सकाळी गेली. दुपारी तिला मणिकर्णिकेवर नेलं. तिच्या घरी चूल पेटली नाही, शेजारून पिठलं-भात आला. त्याच संध्याकाळी तिचा नवरा नावेत बसून पलीकडे रामनगरला गेला आणि त्यानं भट्टी लावली.

हा नवरा म्हणजे वामन आठल्ये, माझे भावोजी. माणूस गेलं की त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, हे काशीतल्या ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी गल्लीत शास्त्रार्थ सुरू झाला. आमचे लेले गुरुजी म्हणाले, "भट्टी विजेची. तिच्यात अन्न शिजत नाही. दोष कमी."

"पण काच शिजते ना?" शेजारच्या गोदूताईंनी विचारलं.

"काच कोण खातं?"

"आठल्यांचा भरवसा नाही," गोदूताई म्हणाल्या.

मला शास्त्रार्थ नको होता. सगळं आयुष्य या माणसाबरोबर काढून माझ्या अक्काला काय मिळालं, एवढंच मला कळायला हवं होतं.

भावोजी कॉलेजात फिजिक्स शिकवतात. ते पोटासाठी. जीव अडकलाय तो बिस्मथ नावाच्या एका जड धातूत. टेलिफोनवरचं बोलणं आता केसाएवढ्या काचेच्या तंतूतून उजेडाच्या रूपानं जातं, आणि लांब जाताना तो उजेड थकतो, हे त्यांनी आम्हाला बारशांत, मुंजींत आणि एकदा सत्यनारायणाच्या कथेच्या मध्येच सांगितलं आहे. काचेत योग्य धातू चिमूटभर मिसळला, तर थकलेला उजेड वाटेतच पुन्हा ताजा होतो. जगभर त्यासाठी एर्बियम वापरतात. भावोजींना एर्बियमचा राग. "जावई आहे तो!" ते म्हणतात. "एकाच पाटावर बसणार. एकाच जातीच्या उजेडाला उठवणार. बिस्मथ बघा, घरभर फिरेल."

हा घरभर फिरणारा बिस्मथ जुन्या काळी पोटाच्या औषधात घालत. भावोजींनी पहिली पुडी चौकातल्या औषधवाल्याकडूनच आणली होती. मग दुसरी, तिसरी. पुढे कितीतरी दिवस तो औषधवाला रस्त्यात भेटला की कळवळून विचारी, "मास्टर साहब, पेट अभी ठीक नहीं हुआ?"

काचेचा मोठा वैरी लोखंड. त्याचा कण गेला तरी काच उजेड गिळते. म्हणून भावोजींच्या घरी कुणी काचेचा मसाला तोलायच्या वजनकाट्याजवळ गेलं की आतून आरोळी येई, "लोह!" पाहुणा दचकून जागच्या जागी उभा. गोदूताईंचं सोवळं आमच्या गल्लीत सर्वांत कडक, पण त्यांनाही भावोजींनी ऐकवलं होतं, "तुमचा विटाळ आंघोळ केली की फिटतो. माझ्या काचेचा फिटत नाही." काचेचा दुसरा वैरी पाणी. गंगेत बुडी मारून आलेल्या माणसाला ते पुरता वाळेपर्यंत भट्टीच्या खोलीत घेत नसत. काशीत राहून पाण्याचा विटाळ मानणारा ब्राह्मण मी दुसरा पाहिला नाही.

रामनगरला ते हौसेनं गेले नव्हते. आधी शहरातल्या एका प्रयोगशाळेत ओळखीनं त्यांना भट्टी वापरू देत. तिथे काच वितळवायची प्लॅटिनमची एक मूस होती, एकच, आणि ती देव्हाऱ्यातल्या देवासारखी कुलपात असे. भावोजींचा सिद्धान्त असा, की काच वितळताना तिला हवा कमी मिळाली पाहिजे, नाहीतर बिस्मथ झोपून राहतो. पण हवा फारच कमी पडली तर त्याचा पुन्हा धातू होतो, आणि तो धातू प्लॅटिनम खातो. हे भावोजींना माहीत होतं. वर्गात शिकवण्याइतकं माहीत होतं. त्यांनी हवा कमी केली. मुशीच्या बुडाला भोक पडलं आणि काच भट्टीभर पसरली.

प्रयोगशाळेचे साहेब धावत आले. "आठल्येजी, यह क्या कर डाला?"

भावोजींचा चेहरा मुलगा झाल्यासारखा. "सर, बिस्मथ धातु तक पहुँच गया! बस, थोड़ा पहले रोकना था।"

त्यांना मात्र तिथे लगेच थांबवण्यात आलं. मग रामनगरला एक खोली, एक जुनी भट्टी, आणि चिनीमातीच्या मुशी. रोज कॉलेज सुटलं की नाव. काच शिजली का, म्हणून नाववाला विचारी, "का मास्टर साहब, सीसा पकल?" भावोजी म्हणत, "अभी कच्चा है।"

काच निघे ती कधी काळी, कधी तपकिरी, क्वचित लालसर. लालसर निघाली की ते ती खिशात घालून गल्लीभर दाखवत. आम्ही विचारत असू, "हिचं करायचं काय?" तर म्हणत, "ही उजेड देते. तो डोळ्यांना दिसत नाही, पण आहे."

"मग आमचं ब्रह्म काय वेगळं?" लेले गुरुजी म्हणाले. "शिवाय त्याला विजेचं बिल येत नाही."

त्या न दिसणाऱ्या उजेडासाठी भावोजींकडे एक जुनं यंत्र आहे. त्याचा काटा एकदाच हलला. भावोजी पेढे घेऊन आले. त्या संध्याकाळी बनारसमध्ये विजेचा दाब असा काही वाढला होता, की आमच्या गल्लीतले दोन बल्ब फुटले. हे मी त्यांना सांगितलं. पेढा खाऊन झाल्यावर सांगितलं.

अक्का या सगळ्यात कुठे होती? घरात. मूलबाळ झालं नाही. माझ्या मुलीचं लग्न नागपूरला झालं, तिथे ती एकटी आली. "हे येणार होते, पण काच निवते आहे," म्हणाली. काच सावकाश निववावी लागते, घाई केली तर तडकते, हेही तिनं वऱ्हाड्यांना समजावून सांगितलं. आणि अक्षता पडल्यावर दुसऱ्याच गाडीनं परत निघाली. माझी मुलं आत्याला बुआ आणि भावोजींना फूफाजी म्हणतात. धाकटा म्हणाला, "बुआ फूफाजी से डरती हैं क्या?" मलाही तसंच वाटत होतं.

दहाव्या दिवशी आम्ही घाटावर पिंड ठेवला. भावोजी मुंडण करून, धोतर नेसून बसले होते. त्या दिवसांतही त्यांची रामनगरची नाव चुकली नव्हती. आता कावळ्याची वाट पाहायची. कावळा पिंडाला शिवला नाही, तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली, असं समजायचं, आणि ती पुरी करण्याचं वचन मोठ्यानं द्यायचं.

कावळे कठड्यावर बसले होते. एकही खाली येईना.

मी म्हटलं, "अक्का, भावोजींच्या जेवणाखाण्याचं आम्ही बघू." कावळे हलले नाहीत. गोदूताईंनी तुळशीला पाणी घालायचं कबूल केलं. माझ्या मुलीनं आत्याच्या नावानं काहीतरी दान बोललं. ऊन चढत चाललं. लेले गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला आणि म्हणाले, "आठल्ये, आता तुम्ही बोला. तिची काय इच्छा राहिली असेल?"

भावोजींनी बराच विचार केला. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

मी मान फिरवली. मला हवं होतं ते उत्तर मिळालं, असं वाटलं.

मग ते पिंडाकडे बघून बोलायला लागले. "अगं, मंगळवारी मला जायला उशीर झाला, ते तुला ठाऊकच आहे. भट्टी लावली, पण चढली नाही, वीज गेली. बुधवारी पुन्हा लावली. काळी आली. हवा कमी पडली. गुरुवारी झाकण थोडं सरकवून ठेवलं..."

"आठल्ये," गुरुजी हळूच म्हणाले, "वचन द्यायचं असतं. रिपोर्ट नव्हे."

"...गुरुवारची बरी आली. तपकिरी. पण एक बुडबुडा राहिला. तू म्हणशील ढवळली नाही. ढवळली होती."

तेवढ्यात एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. "शिवला! शिवला!" सगळे उठले. कुणी आंघोळीला पायऱ्या उतरले, कुणी भांडी गोळा करायला लागले. गुरुजींनी भावोजींच्या खांद्याला हात लावला. "झालं. उठा आता."

"थांबा हो," भावोजी म्हणाले. "अजून शुक्रवारपासूनचं राहिलंय."

त्यांनी शुक्रवार सांगितला. शनिवार सांगितला. मी शेजारी बसून राहिलो. गोदूताईही थबकल्या होत्या. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाजी निवडताना ती आम्हाला सांगायची, 'काल लाल आली हो!' इतकी खुशीत असायची. आम्हाला वाटायचं, चटणीचं काही बोलते आहे."

कालच्या काचेपर्यंत आल्यावर भावोजींचं सांगणं संपलं. मी विचारलं, "भावोजी, त्या मंगळवारी भट्टी लावायला का गेलात?"

त्यांनी माझ्याकडे वर्गातल्या ढ मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "संध्याकाळी तिला काही सांगायला नको का?"

याला आता काही महिने झाले. भट्टी चालू आहे. काटा पुन्हा हललेला नाही. भावोजी रामनगरहून परत आले की आधी आमच्याकडे येतात. मी पुस्तक मिटतो. ते काचेचं सांगतात, त्यातलं मला फारसं कळत नाही. सांगून झालं की ते अक्काच्या घरी जातात आणि दिवा लावतात.