आमच्याकडचा सरकारी हात

शासनाच्या 'मदतीचा हात' योजनेतून मंगळवारी आमच्या घरी एक हात आला. उजवा, कोपरापासून पुढचा, नखं नीट कापलेला. तो घेऊन आलेले खरमाटे साहेब म्हणाले, "काका, ज्येष्ठांच्या घरपोच सेवेसाठी सध्या एवढीच तरतूद आहे. डाव्याचं पुढच्या अर्थसंकल्पात बघू."

मी बार्शीच्या जकात नाक्यावर जन्म काढलाय. फुकट आलेल्या मालाखाली काहीतरी दडलेलं असतंच, हे मला कोणी शिकवायला नको.

"कुणाचा आहे हा?" मी विचारलं.

"शासनाचा."

"मग इतकी वर्षं कुणाच्या खिशात होता?"

साहेब हसले नाहीत. "गरज नसेल तर तसं सांगा."

गरज होती, तीच तर अडचण. आमच्या मंडळींना, म्हणजे अनसूयेला, लकवा झाल्यापासून भरवावं लागतं. आणि मला कंपवात. चमचा तोंडाशी पोचेपर्यंत निम्मं वरण तिच्या पदरावर. तिचा भाऊ लातूरहून सारखा निरोप धाडत होता, ताईला इकडे लातूरच्या वृद्धाश्रमात ठेवू म्हणून. तिला जायचं नव्हतं. मला तर तिला मुळीच धाडायचं नव्हतं. म्हणून हात ठेवून घेतला.

पण नजर हटवली नाही. आधी चमचे मोजून ठेवले. सरकारी हात, म्हणजे हात मारणारच. मग टेबलावर पैशाचं पाकीट उघडं टाकलं आणि दाराआड उभा राहिलो. हाताने पाकीट उचललं, बंद केलं आणि कपाटात ठेवलं. माझा संशय आणखी बळावला. इतका सरळ वागतोय, तर नक्की मोठ्या कामाला आलाय.

तो तिला मऊ भात कालवून भरवायचा, तोंड पुसायचा. दुपारी केस विंचरायचा. कपाळावरची बट मागे सारायचा तेव्हा ती डोळे मिटून घ्यायची. मला ते आवडत नव्हतं, सरळ सांगतो.

"त्याच्याशी फार सलगी नको," मी म्हणालो.

"अहो, हात आहे तो," ती म्हणाली. "आणि तुम्ही विंचरले होते का कधी माझे केस?"

मी पुन्हा चमचे मोजले. बरोबर भरले.

दिवाळीनंतर खरमाटे साहेब पोतं घेऊन दारात उभे. पोत्यात चुळबुळ चालली होती.

"निधी संपला, काका. शासनाने हात वर केलेत. सगळे परत जमा करायचेत."

"आणि हिला भरवणार कोण?"

"ते आमच्या विभागाकडे येत नाही."

अनसूयेने त्या हाताची करंगळी तेवढी धरून ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला समोर लातूर दिसायला लागलं.

"परत घेताना तपासता काय?" मी विचारलं.

"उजवा आहे ना, एवढंच. नगाला नग."

नाक्यावर आम्हीही पोतीच मोजायचो, आत काय ते देव जाणे. तिच्याजवळचा हात घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो, तो तिथेच ठेवला, माझा उजवा हात काढला आणि आणून दिला.

साहेबांनी तो उलटापालटा करून पाहिला. संशय त्यांनाही आला. म्हणजे माणूस अगदीच वाया गेलेला नव्हता.

"हा थरथरतोय."

"पुन्हा सरकारी कामावर चाललाय," मी म्हणालो. "घाबरणारच की."

ते त्यांना पटलं. त्यांनी हात पोत्यात टाकला, माझ्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला आणि शेजारच्या घराची कडी वाजवली.

तिन्हीसांजेला अनसूया म्हणाली, "आरती म्हणू या का? किती दिवसांत या घरात टाळी वाजली नाही."

एका हाताने टाळी वाजत नाही, हे खरंच. मी डावा पुढे केला, त्याने उजवा. पहिल्यांदा चुकली, मग जमली. ती हसली, हसता हसता रडली, आणि तिचे डोळे पुसायला तो माझ्या आधी पोचला.

जेवणं झाल्यावर मी चमचे मोजायला घेतले. एकट्या डाव्याने जमेना, म्हणून त्याला मदतीला घेतलं. माझं लक्ष आहेच त्याच्यावर.