चुंबकवीराच्या मिशा

सुपरहिरोच्या सिनेमाचा दुसरा भाग असेल, तर त्याचं परीक्षण मी डोळे मिटून लिहू शकतो! बढाई नाही, बावीस वर्षांचा हात आहे. जमेच्या बाजू, कमकुवत बाजू आणि वर तारे अडीच. अडीच तारे दिले की निर्माता भांडायला येत नाही आणि वाचकही शिव्या देत नाही.

तर हे घ्या गेल्या शुक्रवारचं परीक्षण. मध्ये मध्ये खुलासे करावे लागतील, तेवढं सांभाळून घ्या.

जमेची बाजू पहिली : ‘चुंबकवीर, भाग दुसरा’मध्ये नायक अधिक परिपक्व झाला आहे.

खुलासा : म्हणजे त्याने मिशा ठेवल्या आहेत.

सकाळी दहाला समीक्षकांसाठी खास खेळ होता. एका पासावर दोघं. बायको म्हणाली, “आईला घरात कंटाळा आलाय, तिला न्या. आणि अहो, झोपू नका!”

“मी? झोपतो?”

“तुमच्यावर लक्ष ठेवायलाच पाठवतेय तिला.”

हे ती हसून म्हणाली. हसून म्हटलेल्या गोष्टींचा मला जास्त संशय येतो.

थिएटरच्या दारात सगळ्यांना थ्रीडीचे काळे चष्मे वाटले. हा चष्मा ज्याने शोधला, त्याचा पुतळा आम्ही समीक्षकांनी उभारायला हवा! आतला डोळा उघडा आहे की मिटलेला, हे देवालाही कळत नाही.

जमेची बाजू दुसरी : पूर्वार्ध वेगवान.

खुलासा : पूर्वार्धात मी जागा होतो. शपथ! चुंबकवीराने अख्खा लोखंडी पूल छातीला चिकटवून नदीपार नेला. खलनायक गंजासुर पहिल्या भागातच भट्टीत पडून मेला होता, म्हणून या वेळी त्याची बहीण सूड घ्यायला आली होती. ती नुसती शिंकली तरी आगगाड्या गंजायच्या.

मग मध्यंतर. मग सासूबाईंनी जागेवर आणून दिलेलं पॉपकॉर्न. मग गार हवा, मऊ खुर्ची, काळा चष्मा...

.

.

दिवे लागले. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. जकात नाक्यावरचा शिपाई ट्रंकेकडे बघतो तशा.

“कसा वाटला शेवट?”

“खोल आहे,” मी म्हणालो.

“हं,” त्या म्हणाल्या. हा ‘हं’ मी लग्नापासून ओळखतो.

कमकुवत बाजू पहिली : (जागा सोडली आहे. पाचच्या आत भरणे.)

खुलासा : इथे माझा जीव टांगणीला लागला होता. आमच्या संपादकबाईंनी मागच्याच महिन्यात मला बोलावून सांगितलं होतं, “दोनदा तुम्ही सिनेमात न घडलेलं छापलंत. एकदा तर पहिल्याच दृश्यात मेलेल्या नायिकेचं शेवटी लग्न लावलंत! आता तिसऱ्यांदा असं झालं, तर सदर काढून घेईन आणि ‘हरवले-सापडले’च्या जाहिरातींवर बसवीन.”

बावीस वर्षांचं सदर! मी घरी आल्या आल्या सासूबाईंपुढे खुर्ची ओढली आणि अगदी सहज विचारतोय असा आव आणला.

“आई, एक सामान्य प्रेक्षक म्हणून तुम्हाला उत्तरार्धात काय खटकलं?”

“मिशा.”

“कुणाच्या?”

“त्या चुंबकवाल्याच्या. मध्यंतरानंतर मिशा गेल्या त्याच्या.”

“दाढी केली असेल, आई.”

“पॉपकॉर्न आणेपर्यंत? आणि तो गंजासुर, मेला होता ना? चांगला धडधाकट फिरत होता! बहिणीचा पत्ताच नाही. मग हा पुन्हा भट्टीत पडला आणि पुन्हा मेला.”

“पुन्हा?”

“त्याच भट्टीत. तुम्ही नाही पाहिलंत?”

माझ्या डोक्यात घंटा वाजली. सापळा! मी हे छापायचं, संपादकबाईंनी मला पकडायचं आणि मायलेकींनी टाळ्या द्यायच्या! स्वयंपाकघरात बायको तेवढ्यात कशालातरी हसली. झालं, खात्रीच पटली. इतका मूर्ख सिनेमा जगात कोण काढेल?

मी गच्चीवर जाऊन दुसऱ्या पेपरच्या समीक्षकाला फोन लावला. आम्ही त्याला ऋषी म्हणतो, कारण तो थिएटरात ध्यान लावल्यासारखा बसतो.

“काय ऋषी, शेवट कसा वाटला?”

“तुला कसा वाटला?”

“मी आधी विचारलं.”

“मी नंतर सांगतो. बहिणीचं काय झालं, त्याबद्दल तुझं मत काय?”

“तुझं काय?”

“तेच.”

“माझंही तेच.”

माझी वाक्यं चोरायला टपलाय, हे मी ओळखलं आणि फोन ठेवला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना मी दुसऱ्या भागांसाठी जपून ठेवलेलं माझं हुकमी वाक्य काढलं. ते कधी चुकत नाही, कारण त्यात काहीच नसतं.

कमकुवत बाजू पहिली, दुसरी आणि तिसरी : उत्तरार्ध पाहताना, हे सगळं आपण आधीच पाहिलं आहे, असं सारखं वाटत राहतं.

तारे : अडीच.

खुलासा : इथे परीक्षण संपलं. भानगड नाही संपली.

शनिवारी सकाळी संपादकबाईंचं बोलावणं आलं. ‘हरवले-सापडले’ला लागणारी कात्री सोबत न्यावी का, एवढाच विचार करत मी आत गेलो. बाई चक्क उभ्या राहिल्या!

“अभिनंदन! शहरात एकटे तुम्ही! मध्यंतरानंतर मशीनवाल्याने चुकून पहिल्या भागाचा उत्तरार्ध लावला. बाकीच्या अकरा समीक्षकांपैकी एकालाही कळलं नाही! हा ऋषी बघा काय लिहितो, ‘उत्तरार्ध नव्या वाटा धुंडाळतो.’ आणि तुम्ही? ‘आधीच पाहिलं आहे!’ वा!”

आणि सासूबाई शब्दन्‌शब्द खरं बोलत होत्या! पण मी लाजून मान खाली घातली. मला ते उत्तम जमतं.

“पण मला एक शंका आहे,” कोपऱ्यातून आवाज आला. थिएटरचा मॅनेजर बसला होता. रात्रभर मालकाच्या शिव्या खाल्लेला चेहरा. “ओळखलंत, तर तिथेच का नाही बोललात? छापूनच का आणलंत? मला वाटतं, आमच्या मशीनखोलीत तुमचं कोणीतरी आहे. मध्यंतरात तुम्हीच वर जाऊन हे घडवून आणलंत. स्वतःचं नाव व्हावं म्हणून!”

बाईंची मान माझ्याकडे वळली. वाघिणीची वळते तशी, सावकाश.

माझ्या बावीस वर्षांच्या अब्रूवर घाला! मी ताडकन टेबलावर मूठ आपटली. “कोणी मोबाइलवर सिनेमा उतरवू नये म्हणून तुम्ही प्रेक्षकांवर अंधारात कॅमेरा लावता ना? आणा ते चित्रण! मी खुर्चीवरून तसूभर जरी हललो असलो, तर आत्ताच्या आत्ता सदर सोडतो!”

कुठल्या अवलक्षणी घडीला मी हे बोललो!

मॅनेजरने लॅपटॉप उघडला. पडद्यावर हिरवट अंधार, त्यात आमची रांग.

मी खरंच हललो नव्हतो. मध्यंतरापासून पुढे एक तास सात मिनिटं. मान मागे, तोंड उघडं, मांडीवरचं पॉपकॉर्न जसंच्या तसं.

“हलला नाहीत, हे खरं,” बाई म्हणाल्या.

“हा मी चिंतन करतोय...”

“आणि हे सगळे?”

पुढच्या रांगेत ऋषी समाधीत गेला होता. त्याच्या खांद्यावर आकाशवाणीचा समीक्षक टेकला होता आणि आकाशवाणीच्या मांडीवर एका साप्ताहिकाचा. बाराच्या बारा काळे चष्मे छताकडे!

अख्ख्या थिएटरात एकच मान ताठ होती. ती व्यक्ती दर पाच मिनिटांनी शेजाऱ्याला कोपराने ढोसत होती, पडद्याकडे बोट दाखवत होती आणि नाकाखाली बोट फिरवून काहीतरी सांगत होती. मिशा!

बाई पुढे वाकल्या. “या कोण?”

“...सासूबाई.”

“लिहिता येतं त्यांना?”

त्या शनिवारपासून सदर त्यांच्याकडे आहे. चुंबकवीर त्यांनी पुन्हा, नीट, पूर्ण पाहिला. परीक्षण जेमतेम दोन ओळींचं आहे, आणि वाचकांची पत्रं येऊ लागलीत.

जमेची बाजू : या वेळी मिशा शेवटपर्यंत टिकल्या.

कमकुवत बाजू : पासावर सोबत आलेला इसम घोरतो.

तो इसम मी. सकाळी ‘हरवले-सापडले’ कापतो, मग त्यांना थिएटरात पोचवतो. पण ते घोरण्याचं मला अजूनही संशयास्पद वाटतं. चित्रणाला आवाज नव्हता!